घोटापुरती जाग

दिवाळी आटोपली आणि धान कापून झालं, की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडया, म्हणजे गावजत्रा, भरायला लागतात. दिवसा दुकानं, पाळणे, जिलेबी, सोयरेधायरे. रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा झाडीपट्टीचं नाटक. नाटकाची वेळ रात्रीची नऊ-दहाची जाहीर झालेली असते, पडदा वर जातो त्यानंतर बऱ्याच वेळाने आणि शेवटचा प्रवेश संपेपर्यंत पूर्वेला उजाडायला आलेलं असतं. थंडीचे दिवस. ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या प्रेक्षकांतले निम्मेअधिक दुसऱ्या अंकापर्यंत बसल्या जागी झोपी जातात. खलनायक कितीही ओरडला तरी त्यांना फरक पडत नाही.

मंचाकडे पाठ करून अशा एखाद्या झोपलेल्या माणसाकडे वीस-पंचवीस मिनिटं पाहत बसलं, तर या प्रकरणाचा सगळा विषय डोळ्यांसमोर घडतो. मान पुढे झुकलेली, ओठ सुटलेले, खालच्या ओठाच्या कोपऱ्यात लाळेचा थेंब जमतो आणि ब्लँकेटवर पडतो. छाती संथ वरखाली होते आहे, पण कंठमणी हलत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, तो माणूस एकदाही गिळत नाही. जागा असता तर एवढ्या वेळात त्याने दहा-पंधरा वेळा तरी आवंढा गिळला असता. मग मान गपकन खाली जाते, दचकल्यासारखा तो डोकं उचलतो, पापण्या अर्धवट उघडतात, कंठमणी वर जाऊन खाली येतो, तो ओठ पुसतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी विचारलं तर यातलं त्याला काहीच आठवत नसतं.

त्या घोटासाठी तो क्षणभर जागा झाला होता. नाटकातल्या आरडाओरड्याने तो उठला नव्हता; मान पडल्याने उठला असेल, असं म्हणता येईल. पण घरच्या खाटेवर, शांततेत, उशीवर डोकं ठेवून झोपलेल्या माणसाचंही असंच होतं. झोपेत आपण जवळजवळ गिळतच नाही, आणि जे काही थोडे घोट घेतो ते बहुतेक अर्धवट जागे होऊन घेतो.

हे असं का, ते कळायला आधी जागेपणीचा घोट पाहावा लागेल. बोट कंठमण्यावर ठेवून आवंढा गिळा. कंठमणी वर आणि किंचित पुढे सरकतो. तेवढ्या वेळात श्वास थांबलेला असतो; अर्धा सेकंद, एक सेकंद, फार तर दीड. हे थांबणं इतकं सवयीचं आहे की जन्मभरात कुणाच्या लक्षात येत नाही. घशात दोन वाटा एकमेकींना छेदतात. नाकातून येणारी हवा मागून येऊन पुढच्या श्वासनलिकेत जाते, तोंडातला घास पुढून येऊन मागच्या अन्ननलिकेत जातो. म्हणजे आपण खाल्लेला प्रत्येक घास आणि प्यालेला प्रत्येक घोट श्वासाच्या उघड्या तोंडावरून पार व्हावा लागतो. या रचनेचं नवल डार्विनला १८५९ मध्ये वाटलं होतं आणि त्याने ते आपल्या ग्रंथात नोंदवूनही ठेवलं आहे. असा नकाशा कुणा इंजिनिअरने काढला असता तर त्याचं बिल कुणी मंजूर केलं नसतं.

घोट घेताना जीभ घासाला मागे ढकलते. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. स्वरयंत्र वर-पुढे जाऊन जिभेच्या बुडाखाली दडतं. एपिग्लॉटिस हे पानासारखं झाकण त्याच्यावर कलतं, आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळून बसलेला स्नायू सैल होतो. घशातली ही सगळी धावपळ एका सेकंदाच्या आत उरकते. शाळेच्या पुस्तकांत सगळं श्रेय त्या झाकणाला मिळतं, ते मला जरा जास्त वाटतं. कर्करोगामुळे ज्यांचं हे झाकण काढावं लागतं, त्यांतले बरेच जण सरावाने पुन्हा नीट गिळायला शिकतात. खरं दार खाली आहे: स्वरतंतू. ज्यांनी आपण बोलतो, गातो, तेच दोन तंतू घोटाच्या वेळी एकमेकांना घट्ट चिकटतात.

याहून बारीक गोष्ट वेळेची आहे. निरोगी माणूस बहुतेक वेळा उच्छ्वास चालू असताना गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेला उच्छ्वास सोडतो. म्हणजे घोटानंतर हवेची पहिली झुळूक आतून बाहेर येते. दारावर एखादा थेंब राहिलाच असेल तर तो बाहेरच्या दिशेला उडतो. उलट, घोटानंतर लगेच श्वास आत ओढला गेला तर तो थेंबही आत जातो. वर्षानुवर्षं बिडी ओढून किंवा चुलीच्या धुराने ज्यांच्या फुफ्फुसांतल्या वाटा कायमच्या आखडल्या आहेत, त्यांच्यात हा क्रम बिघडलेला जास्त दिसतो. त्यांना श्वासाची घाई असते. तेंदूपत्ता आणि बिडीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या भागात हे वाक्य नुसतं वैद्यकीय राहत नाही.

हा ताळमेळ ठेवणारं केंद्र मेंदूच्या अगदी तळाशी, मस्तिष्कपुच्छात आहे. तिथे श्वासाचा ठेका धरणाऱ्या पेशी आहेत आणि त्यांच्या शेजारीच गिळण्याचा क्रम ठरवणाऱ्या. श्वासाच्या ठेक्याच्या मुळाशी असलेल्या एका लहानशा पुंजक्याचं नाव प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स. हे बॉट्झिंगर कोण थोर शास्त्रज्ञ, असं वाटेल. पण ते जर्मनीतल्या एका परिषदेत जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या वाइनच्या बाटलीवरचं नाव आहे. जॅक फेल्डमन या संशोधकाने ते सुचवलं आणि ते कायमचं चिकटलं. असो. घशातल्या मज्जातंतूंनी ‘काहीतरी आलंय’ अशी वर्दी दिली की गिळणाऱ्या पेशी पुढे होतात आणि श्वासाच्या पेशींना तेवढ्यापुरतं थांबवतात. श्वास प्राणाचा, तरी या एका क्षणी मान घोटाला.

जागेपणी ही वर्दी सतत जात असते. जेवणखाण, बोलणं, नुसतं बसणं सगळं धरून माणूस दिवसाला सुमारे सहाशे वेळा गिळतो. त्यातले झोपेतले किती? जपानमधल्या दोन संशोधकांनी, सातो आणि नाकाशिमा यांनी, २००६ मध्ये निरोगी माणसांना तारा लावून झोपवलं आणि मोजलं. तासाला सरासरी दोन-तीन. काही वेळा जवळजवळ तासभर एकही नाही. झोप जितकी गाढ तितके घोट कमी, आणि जे होते ते बहुतेक मेंदूच्या आलेखात जागेपणाची लहर उमटली त्याच सुमाराला. कूस बदलताना, पाय हलवताना, दोन स्वप्नांच्या मधल्या फटीत.

मग तोंडात साठणाऱ्या लाळेचं काय? ती साठतच नाही. जागेपणी काही खात नसतानाही मिनिटाला साधारण एक तृतीयांश मिलिलिटर लाळ झरत असते. झोप लागली की हा झरा आटत आटत जवळजवळ थांबतो. रात्री धुरा पाहायला उठावं लागू नये म्हणून शेतकरी संध्याकाळीच वरच्या बांधीतून येणारं पाणी बंद करून घरी येतो, तशीच ही व्यवस्था. सकाळी तोंडाला वास येतो, जीभ चिकट लागते, आणि दात किडण्याचं काम रात्री जोरात चालतं, ही त्या बंदोबस्ताची किंमत. दंतवैद्य रात्रीच्या ब्रशचा आग्रह धरतात तो यासाठी. मंडईतल्या माणसाची लाळ गळत होती, कारण तो नुकताच झोपला होता आणि मान झुकल्याने जी काही थोडी होती ती गुरुत्वाकर्षणाने बाहेर आली. गळणं ही लाळ जास्त असल्याची खूण नसते, न गिळल्याची असते.

ठसक्याचंही तसंच. झोपेत खोकला आला असं आपण म्हणतो, पण खरा क्रम उलटा आहे: आधी जाग येते, मग खोकला. गाढ झोपेत खोकल्याची प्रतिक्रिया दबलेली असते. श्वासनलिकेत थेंब गेला तर मेंदूला आधी वर यावं लागतं, मग घसा साफ होतो. अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाचा आवळही झोपेत ढिला पडतो. म्हणजे रात्री दारावरचे पहारेकरी पेंगतात. भरवसा सगळा एका गोष्टीवर, की गरज पडली तर त्यांना उठवता येईल. मला या विषयात सांगण्यासारखं वाटतं ते एवढंच आहे. झोपेतली सुरक्षितता ही झोपेच्या गाढपणात नाही, जाग येऊ शकण्यात आहे. पुढे जी माणसं येतील, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत हीच एक वीट निसटलेली असते.

निरोगी माणसाच्याही फुफ्फुसात रात्री थोडं काही उतरतंच. १९७८ मध्ये अमेरिकेत काही निरोगी लोकांच्या घशात झोपेत किरणोत्सारी खूण मिसळलेला द्रव थेंबथेंब सोडला आणि सकाळी छातीची प्रतिमा घेतली. ४५ टक्के लोकांच्या फुफ्फुसांत ती खूण सापडली. ज्यांची शुद्ध मंदावलेली होती अशा रुग्णांत ७० टक्के. १९९७ मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांपैकी निम्म्यांत तेच दिसलं. तरी हे लोक सकाळी उठून कामाला गेले. फुफ्फुसातले सूक्ष्म केस आणि भक्षक पेशी एवढ्याशा लाळेचा निकाल लावतात. अडचण तेव्हा होते जेव्हा थेंब मोठा असतो, घाण असतो, किंवा वारंवार येतो.

घोरणाऱ्यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, श्वास अडतो, मेंदू घाबरून जागा होतो, माणूस धाप टाकतो, बहुतेक वेळा एक घोटही घेतो आणि पुन्हा झोपतो. मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत असा अडत होता, आणि दिवसा पेंग येण्यासकट पुरा आजार ७.५ टक्क्यांना होता. इथे जाग तारक आहे आणि मारकही. ती येते म्हणून जीव वाचतो, रात्रीतून शेकडो वेळा येते म्हणून झोप मरते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकातून हवेचा हलका दाब देणारं जे यंत्र वापरलं, त्याने वाट उघडी राहते आणि जाग यायची गरज उरत नाही.

जळजळीचं गणितही घोटाशीच जोडलेलं आहे. जठरातलं आम्ल वर आलं तर जागेपणी एक-दोन घोटांनी आणि त्यासोबतच्या लाळेने ते धुतलं जातं; झोपेत घोट नाही, लाळ नाही, म्हणून तेच आम्ल अन्ननलिकेत कितीतरी वेळ बसून राहतं. त्यातला थेंब स्वरयंत्रापर्यंत पोचला की पहाटे घसा बसलेला असतो. आपल्याकडे दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायची वामकुक्षीची रीत आहे, ती या बाबतीत बरोबर ठरते. अन्ननलिका जठराला ज्या बाजूने मिळते ती पाहता, डाव्या कुशीवर आम्लाचं तळं त्या तोंडाच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर वर येतं. मात्र ही रीत रात्री अकराला जेवून लगेच आडवं होणाऱ्यांना माफी देत नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

आता लहान बाळं. इथे भंडाऱ्याचं नाव घेताना थबकायला होतं. ८ आणि ९ जानेवारी २०२१ च्या मधल्या रात्री भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू दक्षता कक्षाला आग लागली. आत सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. त्या कक्षाची ओळख महाराष्ट्राला त्या रात्रीने करून दिली. अशा कक्षात एरवी रोज काय चालतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टी एकमेकींत गुंफायला शिकवणं, निदान तोवर त्याला सांभाळणं, हे तिथलं फार मोठं काम असतं.

बाळ आईच्या पोटातच गिळायला लागतं. तिसरा महिना संपायच्या सुमाराला ते गर्भजल पिऊ लागतं आणि दिवस भरत आले की रोज अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पितं. पण तिथे श्वास हवेचा नसतो, त्यामुळे चूक झाली तरी चालते. बाहेर आल्यावर एकेका घोटाला श्वास थांबवायचा आणि लगेच परत सुरू करायचा. ही गुंफण साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमाराला जमायला लागते. म्हणून आपल्याकडच्या दक्षता कक्षांत ढोबळ रीत अशी: २८ ते ३१ आठवड्यांच्या बाळाला तोंडातून जठरात घातलेल्या बारीक नळीने आईचं दूध, ३२ ते ३४ ला वाटी-चमच्याने, आणि ३४ च्या पुढे अंगावर. नर्स वाटी-चमच्याने पाजत असते तेव्हा तिची नजर दुधावर कमी आणि बाळाच्या ओठांच्या रंगावर जास्त असते. चमचा बाळाच्या ओठाला लावून ठेवायचा, दूध ओतायचं नाही. बाळ स्वतः ओढेल तेवढंच. दोन घोट, मग थांबणं. या थांबण्यात बाळ आपला राहिलेला श्वास घेतं. घरच्या बोंडल्याने घाईघाईत पाजताना नेमकं हेच थांबणं सुटतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र मानेत बरंच वर असतं, म्हणून ते एकाच वेळी गिळू आणि श्वास घेऊ शकतं, असं बऱ्याच पुस्तकांत सापडतं. वर असतं हे खरं. दुधाची वाट दोन्ही बाजूंनी आणि हवेची मधून, अशी सोयही बऱ्यापैकी असते. पण मोजून पाहिलं तेव्हा बाळाचाही श्वास प्रत्येक घोटाला थांबतोच असं दिसलं. शिवाय अगदी लहान बाळाच्या स्वरयंत्रावर थेंब पडला तर ते मोठ्यांसारखं खोकत नाही. श्वास रोखून धरतं आणि गिळत राहतं, हृदयाचे ठोकेही मंदावतात. कमी दिवसांच्या बाळात हे रोखून धरणं लांबतं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आजीची शिस्त म्हणूनच सोडू नये. आजीची दुसरी भीती मात्र चुकीची आहे: पाठीवर झोपवलं तर उलटी घशात जाऊन गुदमरेल, म्हणून पालथं किंवा कुशीवर झोपवा. पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध चढण चढून श्वासनलिकेत जाण्याऐवजी खालच्या अन्ननलिकेत परत जातं. पालथं झोपवल्यावर उलट होतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढे जवळजवळ निम्म्यावर आली.

मोठ्यांकडे परत येऊ, आणि विदर्भातल्या एका सवयीकडे. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तयार केलेला. तो गालात धरून झोपणारे लोक आहेत. विचारलं तर ‘रात्री झोप लागते’ म्हणतात. तोंडाच्या कर्करोगाबद्दल त्यांना सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. कुणी सांगत नाही ते असं, की झोपेत लाळ आटते आणि घोट बंद होतो, तेव्हा तो चोथा गालात रात्रभर एकाच जागी बसतो, थुंकला किंवा गिळला जात नाही. सुपारीचा कण मागे घसरला तर त्याला अडवणारा ठसका आधीच पेंगलेला असतो. ज्यांचं तोंड खर्ऱ्याने आखडून दोन बोटांपुरतंच उघडतं, त्यांच्या घशातली वस्तू काढायला डॉक्टरांनाही वाट मिळत नाही.

खर्ऱ्याच्या जोडीला मोहाची किंवा दुकानातली दारू असेल तर गोष्ट वेगळीच. दारू घशाचे स्नायू सैल करते, जठर ढवळून काढते आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जाग येण्याची शक्ती मारते. वरात संपल्यावर मांडवात उताणा पडलेला माणूस झोपलेला आहे, उतरली की उठेल, म्हणून सोडून देतात. त्याला उलटी झाली तर तो उठत नाही. त्याला कुशीवर वळवावं, वरचा पाय गुडघ्यात मोडून पुढे टेकवावा म्हणजे तो परत उताणा होणार नाही, आणि तोंड जमिनीकडे कलतं ठेवावं. त्याला शुद्धीवर आणायला लिंबूपाणी, ताक असलं काहीही तोंडात ओतू नये. झटका आलेल्या किंवा बेशुद्ध पडलेल्या माणसालाही नाही. पाणी पाजणं ही आपल्याकडे माणुसकीची पहिली खूण आहे, त्यामुळे हे ऐकायला निष्ठुर वाटतं. पण गिळू न शकणाऱ्याच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसाशिवाय दुसरीकडे कुठे जाणार?

रोवण्याच्या दिवसांत, पावसाळ्याच्या रात्री, जमिनीवर वाकळ टाकून झोपलेल्या घरात मण्यार येते. तिचे दात बारीक, दंश बहुतेकदा दुखतही नाही. पुष्कळांची झोप मोडत नाही. पहाटे पोटात मुरडा येतो, उलटी होते, घसा दुखतो. घरचे रात्रीच्या जेवणाला बोल लावतात. मग पापण्या जड होतात, उघडता येत नाहीत. बोलणं नाकात जातं. पाणी दिलं तर नाकातून परत येतं, लाळ तोंडात साठायला लागते. हा टप्पा ओळखला पाहिजे. मण्यारीचं विष मज्जातंतूंची स्नायूपाशी टेकणारी टोकं निकामी करतं, आणि डोळे व घसा यांचे स्नायू छातीच्या स्नायूंच्या आधी जातात. म्हणजे गिळणं आधी जातं, श्वास नंतर. मधला वेळ हाच काय तो वेळ. वर सांगितलेल्या बहुतेक माणसांत पहारेकरी झोपलेला होता. इथे तो टक्क जागा असतो. रोग्याला सगळं ऐकू येतं, कळतं, फक्त घोट घेता येत नाही आणि ते सांगताही येत नाही. अशा माणसाला मांत्रिकाकडे नेऊन, वर पाणी-औषध पाजून, काही माणसं श्वास थांबण्याआधीच लाळेत गुदमरली असतील. त्याला कुशीवर ठेवून, तोंडातली लाळ बाहेर वाहू देत, १०८ ला फोन लावून थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

तिथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरचं एकत्रित प्रतिविष देतात. मण्यारीच्या बाबतीत ते लवकर दिलं तर उपयोगी. एकदा टोकं निकामी झाली की ती नव्याने वाढेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. काही दिवस, कधी काही आठवडे. व्हेंटिलेटर मिळाला तर ही माणसं पूर्ण बरी होऊन घरी जातात. श्वासाची नळी काढण्याआधी डॉक्टर एक गोष्ट तपासतात: रोग्याला खोकता आणि आपली लाळ आवरता येते का. नुसती छाती हलून चालत नाही. आणि हे सगळं टाळायचा उपाय अगदी साधा आहे. जमिनीवर झोपू नये, खाटेवर झोपावं, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून घ्यावी.

म्हाताऱ्यांत आणि लकवा झालेल्यांत हीच गोष्ट संथपणे घडते. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ निम्म्या रोग्यांचं गिळणं बिघडतं. त्यातल्या काहींना चुकीच्या वाटेने पाणी गेलं तरी ठसका लागत नाही, कारण घशाची वर्दीच वर पोचत नाही. घरच्यांना वाटतं, नीट पितायत. जेवताना आवाज ओला झाला, जेवणानंतर बारीक ताप येऊ लागला, तर ती खूण. आणि पाण्यासारखा पातळ पदार्थ या माणसांना सगळ्यांत अवघड असतो, घट्ट पदार्थ नव्हे. पातळ वरण आणि पेज घशात वेगाने धावतात, मंद झालेल्या दाराला बंद व्हायला वेळ मिळत नाही. मऊ, एकजीव, थोडं घट्ट, छोट्या चमच्याने, माणसाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली. जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवावं. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत; त्या जी झोप देतात तिच्यात जाग कमी असते.

रात्री थोडी लाळ फुफ्फुसात उतरणारच, तर निदान ती स्वच्छ असावी, या विचाराने जपानमध्ये अकरा वृद्धाश्रमांत एक प्रयोग झाला. काही वृद्धांचे दात आणि तोंड रोज प्रत्येक जेवणानंतर साफ केले, बाकीच्यांना नेहमीसारखं ठेवलं. दोन वर्षांत नेहमीसारख्या ठेवलेल्यांत १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, साफ तोंडाच्यांत ११ टक्क्यांना. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या घरांत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची आंघोळ, पाठीच्या जखमा, कपडे सगळं पाहिलं जातं. तोंड तेवढं राहून जातं, विशेषतः दात पडलेले असले की. कवळी रात्री काढून धुऊन ठेवावी, आणि ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसावी.

शेवटी घरघर. मरणाऱ्या माणसाला घरघर लागली म्हणजे काय झालं? जाग पुरती गेली, गिळणं थांबलं, श्वास मात्र अजून चालू आहे. घशात साचलेल्या थोड्याशा लाळेतून आणि स्रावांतून हवा ये-जा करते, तिचा तो आवाज. भोवती बसलेल्यांना तो गुदमरण्याचा वाटतो आणि ऐकवत नाही. पण ज्या मेंदूला तो थेंब जाणवून ठसका आणता येत नाही, त्याला बहुधा त्याचा त्रासही जाणवत नाही. तुळशीपत्र आणि गंगाजल द्यायचं असेल तर ओठ ओले होतील एवढंच, पळीभर नव्हे. माणसाला एका कुशीवर वळवलं आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच केली, तर आवाज बराच कमी होतो.